खडकीची युद्ध-दफनभूमी व आपली दफनभूमी

(रौप्यमहोत्सवानिमित्त खांदा कॉलनी येथे धर्मग्रामाच्या सभेपुढे प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या या आनंदाच्या सभेत मी दफनभूमीचा विषय काढावा, हे आपणांपैकी काहींस चमत्कारिक वाटेल. समितीच्या एका उत्साही सभासदाने तर परवा मला हळूच विचारले, "फादर, या खेपेस एखादा मंगल विषय घेतला तर नाही का चालणार?" मी म्हणालो, श्रद्धावंताच्या मरणाइतका मंगल विषय ख्रिस्तसभेपाशी दुसरा कोणता आहे? या उत्तराने त्यांचे समाधान झालेले दिसले नाही. परंतु नोव्हेंबर महिना तोंडावर आला आहे, मृतांचा दिन जवळ आहे, आणि महोत्सवाच्या शिल्लक निधीतून आपल्या दफनभूमीचे काय करावे हा प्रश्न समितीपुढे पडून आहे. तेव्हा हा विषय आजच बोलून टाकणे मला उचित वाटते.

आपली ही वसाहत सिडकोने आखलेली. येथे कोणी वसईहून आले, कोणी नगर-जालन्याकडून, कोणी गोव्याहून, कोणी कोरलईहून. मूळ गावी ज्याच्या त्याच्या आजा-पणज्यांच्या कबरी होत्या; येथे कोणाचेच कोणी पुरलेले नव्हते. आपण प्रथम घरे केली, मग प्रार्थनेची जागा केली, आणि यथाकाल आपली माणसे येथल्याच मातीस देऊ लागलो. ज्या दिवशी आपण आपले पहिले माणूस येथे पुरले, त्या दिवशी ही कॉलनी आपले गाव झाली असे मी समजतो. पितामह अब्राहाम कनान देशात परकाच होता. त्याने त्या देशात विकत घेतलेली पहिली जमीन कोणती? साराला पुरण्यासाठी मख्पेलाची गुहा. एफ्रोन ती फुकट देऊ करीत होता, तरी अब्राहामाने चारशे शेकेल चांदी भर सभेत तोलून दिली. मृतांच्या जागेविषयी उपकाराची भाषा नको, हक्काची हवी, हे त्या वृद्धास पक्के ठाऊक होते.

आपल्या वाट्याच्या दफनभूमीत आज कोठे चकचकीत ग्रॅनाइट आहे, कोठे लाकडी क्रूस आहे. दोन पावसाळ्यांत त्या क्रुसावरील रंग जातो, आणखी दोहोंत क्रूसच जातो. समितीकडे आलेली एक सूचना अशी, की प्रवेशद्वारी संगमरवरी कमान उभारून तीवर देणगीदारांची नावे कोरावी, आणि ज्या कुटुंबांची ऐपत असेल त्यांस दर्शनी रांगेत कायमच्या कबरी द्याव्या. सूचना करणारे सज्जन आहेत आणि संगमरवरावर माझा राग नाही. परंतु निर्णय करण्यापूर्वी मी आपणांस घाटापलीकडे खडकीस घेऊन जाऊ इच्छितो. कारण नेमका हाच वाद शंभर वर्षांपूर्वी फार मोठ्या प्रमाणावर झाला, आणि त्याचा जो निकाल लागला तो तेथे डोळ्यांनी पाहता येतो.

पुण्यात होळकर पुलाजवळ, मुळा रोडवर, एक विस्तीर्ण हिरवळ आहे. लोक तिला 'वॉर सिमेट्री' म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात मरण पावलेल्या राष्ट्रकुलाच्या १,६६८ सैनिकांच्या कबरी तेथे आहेत. येथे कोणतीही लढाई झाली म्हणून त्या तेथे आहेत, असे मात्र नव्हे. खडकीची लढाई झाली ती १८१७ साली पेशव्यांशी, आणि तिचा या कबरींशी काही संबंध नाही. या सैनिकांपैकी बहुतेक जण पश्चिम व मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी मेले आणि तेथेच कोठेतरी छावणीच्या कडेला पुरले गेले. छावणीतील कबरीचे नशीब छावणीबरोबर असते. जोवर पलटण आहे तोवर तिला झाडू लागतो, पाणी मिळते. पलटण हलली की प्रथम कुंपण जाते, मग गुरे येतात, मग दगड जातो. अशा ज्या कबरींची कायमची निगा राखण्याची शाश्वती देता येईना, त्या एकत्र आणण्यासाठी खडकीची दफनभूमी निर्माण झाली. म्हणजे तिचा जन्मच मुळी निगेच्या चिंतेतून झाला. या गोष्टीकडे आपण लक्ष द्यावे. एरव्ही आपण आधी दफनभूमी करतो आणि तिच्या निगेची चिंता मागाहून करतो, किंबहुना करीतच नाही.

तेथेच पहिल्या महायुद्धाचेही एक स्मारक आहे. १९१४ ते १९१८ या काळात हिंदुस्थानात मेलेले, परंतु ज्यांच्या मूळ कबरी भारतात व आजच्या पाकिस्तानात राखणे शक्य राहिले नाही, अशा अठराशेंहून अधिक सैनिकांची नावे त्यावर आहेत. त्यांत ६२९ जण असे, की ज्यांचे अवशेष मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून १९६२ साली खडकीस आणून पुन्हा पुरण्यात आले. १९६२ साल आपल्या देशास निराळ्याच कारणाने आठवते. त्याच वर्षी परक्या राजवटीच्या, चव्वेचाळीस वर्षांपूर्वी संपलेल्या युद्धातील शिपायांच्या अस्थी घाट चढवून कोणीतरी काळजीपूर्वक वर आणीत होते. तिसरे स्मारक आहे ते पूर्व व पश्चिम आफ्रिकेतील सैनिकांचे. ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी आपल्या देशात आलेले आणि आजाराने वा अपघाताने रणापासून दूर मेलेले हे लोक. त्यांची घरे कोठे, खडकी कोठे!

मी पुण्यास सेमिनरीत शिकत असताना सुटीच्या दिवशी आम्ही काही विद्यार्थी पायी हिंडत असू, त्या निमित्ताने ही जागा मी प्रथम पाहिली. एक वृद्ध माळी बसून दगडांच्या बुंध्याशी वाढलेले गवत हातकात्रीने कापीत होता. यंत्र तेथवर पोहोचत नाही, पोहोचले तर दगडास टवका जातो, असे त्याने सांगितले. आमच्यापैकी एकाने त्यास विचारले, "हे सारे गोरे लोक. तुमचे हे कोण लागतात?" तो वर न पाहता म्हणाला, "लागत कुणी नाहीत. माझ्या हवाली आहेत." देवज्ञानाच्या वर्गात दयेच्या कृत्यांविषयी आम्ही पुष्कळ ऐकले होते, त्या एका 'हवाली' शब्दाइतके नेमके काही ऐकले नव्हते.

आता ही व्यवस्था कोठून आली ते सांगतो. १९१४ साली युद्ध सुरू झाले तेव्हा फेबियन वेअर नावाचे एक गृहस्थ पंचेचाळीस वर्षांचे होते. वय अधिक म्हणून सैन्यात घेतले नाही, तेव्हा ते फ्रान्समध्ये रेड क्रॉसच्या एका मोटार-पथकाचे प्रमुख झाले. काम जखमींना उचलण्याचे. परंतु त्यांच्या ध्यानात आले, की मेलेल्यांच्या कबरी कोठे आहेत याची नोंद ठेवणारा कोणी नाही. फळकुटावर पेन्सिलीने लिहिलेले नाव पहिल्या पावसात पुसले जाते. त्यांनी आपण होऊन नोंदी करावयास आरंभ केला. त्या नोंदवहीतून पुढे एक खाते निर्माण झाले, आणि २१ मे १९१७ रोजी राजाच्या सनदेने 'साम्राज्य युद्ध-कबर आयोग' स्थापन झाला. १९६० साली त्याच्या नावात 'साम्राज्या'च्या ऐवजी 'राष्ट्रकुल' शब्द आला. आज हा आयोग दोन्ही महायुद्धांतील सुमारे सतरा लाख मृतांची नावे सांभाळतो, दीडशेंहून अधिक देश व प्रदेशांत. खर्च सहा देश मिळून देतात: ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका आणि आपला भारत. प्रारंभ मात्र एका वहीने झाला, दगड पुष्कळ मागाहून आले.

पहिला कठीण प्रश्न आला तो श्रीमंतांच्या मुलांचा. १९१५ च्या एप्रिलात ग्लॅडस्टन या माजी पंतप्रधानांचा नातू फ्रान्सच्या आघाडीवर मारला गेला. थोरामोठ्यांची ओळख होती, तेव्हा त्याचे शव विशेष परवानगीने मायदेशी नेऊन पुरले. त्याच वर्षी शवे मायदेशी नेण्यास बंदी झाली. कारण शेजारच्याच खड्ड्यात असलेल्या कोळशाच्या खाणीतील मजुराच्या मुलाचे शव नेण्याची ऐपत त्याच्या बापाची नव्हती. ब्रिटिश म्युझियमचे संचालक सर फ्रेडरिक केन्यन यांनी १९१८ साली आयोगास आपला अहवाल दिला. त्यातील तत्त्व एका वाक्यात सांगता येते: सेनापती असो की शिपाई, दगड एकच. उंची सुमारे पावणेतीन फूट, रुंदी सव्वा फूट. वर पलटणीचे चिन्ह, मग क्रमांक, हुद्दा, नाव, मृत्यूची तारीख, वय आणि त्याच्या धर्माचे चिन्ह. खाली कुटुंबाने निवडलेली एक ओळ, फार तर सहासष्ट अक्षरांची.

आपणांस वाटेल, हे सर्वांनी आनंदाने मान्य केले असेल. मुळीच नाही. हजारो माता-पित्यांस हा जुलूम वाटला. आमच्या मुलाच्या कबरीवर आमच्या मनाचा क्रूस का नको, असा त्यांचा प्रश्न होता, आणि तो काही दुष्टपणाचा प्रश्न नव्हे. लेडी फ्लॉरेन्स सेसिल या मातेचे तीन पुत्र युद्धात पडले होते. तिच्या पुढाकाराने आठ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज गेला. ४ मे १९२० रोजी ब्रिटिश पार्लमेंटात यावर वाद झाला. रुडयार्ड किपलिंग आयोगाचे सभासद होते. त्यांचा एकुलता एक मुलगा १९१५ साली लूसच्या लढाईत नाहीसा झाला होता, आणि बापाच्या हयातीत त्याच्या शवाचा पत्ता लागला नाही. ज्याच्या मुलास कबरच नव्हती, त्याने इतरांस सांगितले की तुम्हांला निदान एक दगड तरी मिळतो आहे. त्या सभागृहात समानतेचे तत्त्व टिकले ते अशा माणसांच्या शब्दामुळे टिकले, असे मला वाटते.

याच किपलिंगने मोठ्या दफनभूमींतील स्मृतिशिलेसाठी शब्द निवडले ते सिराखच्या ग्रंथाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातून. हा ग्रंथ आपल्या कॅथलिक बायबलात आहे, प्रॉटेस्टंट बांधव त्यास मूळ संहितेत धरीत नाहीत. आणि तरी त्यांच्यातल्याच एकास लक्षावधी मृतांसाठी योग्य शब्द तेथेच सापडले. शिलेची आकृती लट्येन्स यांची, आणि सिमेट्रीतील उंच क्रूस, ज्याच्या अंगावर उलटी तलवार आहे, तो ब्लॉमफील्ड यांचा. खडकीसही तो क्रूस आहे.

तत्त्व ठरविणे एका दिवसाचे काम. ते टिकविणे रोजचे. निगेच्या गोष्टी ऐकावयास क्षुल्लक वाटतात, परंतु मला त्यांतच खरे मर्म दिसते. दगडाच्या पायथ्याशी फुलझाडांचा पट्टा असतो, तो केवळ शोभेसाठी नव्हे. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटून चिखल दगडावर उडतो आणि अक्षरे डागाळतात, ते त्या झाडांनी थांबते. पुष्कळ ठिकाणी दगड जमिनीखालील काँक्रीटच्या पट्टीत बसविलेले असतात, म्हणजे माती खचली तरी रांग मोडत नाही. झिजलेली अक्षरे पुन्हा कोरतात. फारच झिजली तर दगड बदलतात. दारापाशी नावांची वही ठेवण्याची चाल आहे, म्हणजे दूर देशाहून आलेल्या नातवास आजोबांची रांग शोधता येते. आणि हे सारे कशासाठी? तर ज्याला रडणारे आता पृथ्वीवर कोणी उरलेले नाही, त्याचे नाव वाचता यावे म्हणून.

परंतु बंधुभगिनींनो, सत्य सांगावयाचे तर पूर्ण सांगितले पाहिजे. समानतेचे हे तत्त्व सर्वांस सारखे लागू झाले नाही. आयोगाने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल एप्रिल २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या महायुद्धातील मृतांपैकी ४५,००० ते ५४,००० जणांचे स्मरण असमान रीतीने झाले, आणि निदान १,१६,०००, कदाचित ३,५०,००० पर्यंत लोकांचे नावानिशी स्मरण झालेच नाही, असे त्यात म्हटले आहे. हे बहुतेक आफ्रिकेतले, मध्यपूर्वेतले आणि आपले. बसऱ्याचे स्मारक पाहा. मेसोपोटेमियात मेलेल्या व कबरीचा पत्ता नसलेल्या चाळीस हजारांहून अधिक जणांचे ते स्मारक. कूटच्या वेढ्यात मराठा पलटणीही अडकल्या होत्या. त्या स्मारकावर अंमलदारांची नावे कोरली, आपल्या शिपायांची मात्र पलटणवार संख्या दिली. आपल्याकडेही तसेच. साताऱ्याच्या अपशिंगे गावाने त्या युद्धात ४६ माणसे गमावली. अशा गावांना सरकारने शिलालेख दिले: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. किती मेले ते दगड सांगतो, कोण मेले ते सांगत नाही. आईने ज्याला नाव ठेवले आणि धर्मगुरूने वा भटजीने ज्याला नावाने आशीर्वाद दिला, तो मनुष्य हिशेबाच्या वहीतला आकडा होऊन राहिला.

आयोगाने या गोष्टीची कबुली दिली व ब्रिटिश सरकारने पार्लमेंटात क्षमा मागितली. जानेवारी २०२५ मध्ये केप टाउन येथे १,७७२ कृष्णवर्णी दक्षिण आफ्रिकी मजूर-सैनिकांचे स्मारक उघडले, त्यात प्रत्येकाचे नाव आहे. शंभर वर्षे उशीर झाला. तथापि नाव शोधावयास उशीर झाला म्हणून शोधूच नये, असे त्यांनी म्हटले नाही.

समुद्रात गेलेल्यांचे काय, हा प्रश्न आपल्या कोकणपट्टीस विचारावासा वाटेल. मुंबईत मशीद बंदराजवळ खलाशांच्या जुन्या निवासात पहिल्या महायुद्धातील दोन हजारांहून अधिक दर्यावर्दी लोकांचे स्मारक आहे, ज्यांना समुद्राखेरीज दुसरी कबर नाही. दुसऱ्या महायुद्धातील सुमारे साडेसहा हजार नौसैनिक व व्यापारी जहाजांवरील खलाशी यांची नावे ग्रंथात लिहून ठेवली आहेत. एक प्रत मुंबईस, एक चितगावास. कोकणच्या बंदरांतून आणि गोव्याच्या गावांतून बोटीवर गेलेल्या माणसांची परंपरा आपणांपैकी पुष्कळांच्या घरात आहे. कोणाच्या आजोबांचा शोध अपुरा राहिला असेल तर तेथे चौकशी करावी.

आपल्याच रायगड जिल्ह्यातील एक गोष्ट सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. माणगाव तालुक्यातील पळसगावचा यशवंत घाडगे हा मराठा पलटणीत नाईक होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्याच्या तुकडीतील सारे साथी मशीनगनच्या माऱ्याने पडले. तो एकटा धावून गेला, हातगोळ्याने ती तोफ बंद पाडली, उरलेल्यांशी समोरासमोर झुंजला आणि तेथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांनी मरण पावला. वय बावीस. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर नाही. नाव आहे ते कॅसिनो येथील स्मारकावर, संत बेनेडिक्टच्या मठाच्या डोंगराखाली. जुलै २०२३ मध्ये इटलीतील मोन्तोने नावाच्या छोट्या गावाने त्याच्या स्मरणार्थ एक छायाघटिका उभारली. इटलीतील कॅथलिक खेडे आमच्या माणगावच्या हिंदू शेतकऱ्याच्या मुलाचे नाव राखते, आणि मुळेकाठी आमचे माळी इंग्लंड-आफ्रिकेच्या मुलांची नावे राखतात. कोणी कोणाशी करार केलेला नाही. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमीत इटालियन युद्धकैद्यांचेही अवशेष आहेत. आपल्या देशात कैदेत मेलेले ते आपलेच धर्मबांधव. मुंबईस जाणे झाले तर त्यांच्यासाठी एक 'नमो मरिया' म्हणून यावे.

येथे एखादा तरुण उठून म्हणेल, की हे सारे राज्यकर्त्यांचे शिपाई. त्यांच्या कबरींचे आम्हांस एवढे काय? प्रश्न रास्त आहे. साम्राज्याच्या युद्धाचा गौरव करण्यास मी उभा राहिलेलो नाही. परंतु टोबिताने निनवेच्या भिंतीबाहेर टाकलेली शवे पुरली, तेव्हा मेलेला मनुष्य शहाणा होता की मूर्ख, हे त्याने विचारले नाही. सणाचा दिवस होता, पान वाढलेले होते, आणि बाजारात एक प्रेत पडले आहे असे मुलाने येऊन सांगितले. टोबित जेवण टाकून उठला. सूर्यास्तानंतर त्याने त्यास मूठमाती दिली. शेजारी हसले. महोत्सवाच्या मेजवानीच्या वर्षी मी दफनभूमीविषयी बोलतो आहे, त्यास आधार हवा असेल तर तो हा. आणि मकाबींच्या दुसऱ्या ग्रंथात यहूदा मकाबी रणात पडलेल्यांना उचलावयास गेला, तेव्हा प्रत्येकाच्या अंगरख्याखाली मूर्तिपूजेचे ताईत निघाले. म्हणजे ते निर्दोष हुतात्मे नव्हते. तरी त्याने त्यांना पुरण्याचे सोडले नाही. उलट माणशी वर्गणी करून दोन हजार द्राख्मा चांदी बलिदानासाठी यरुशलेमेस पाठविली. मृतांसाठी मिस्सा अर्पण करण्याच्या आपल्या परंपरेस आपण ज्या वचनाचा आधार देतो, ते वचन मुळात युद्धात मेलेल्या, सदोष सैनिकांविषयीचे आहे. हे आपल्या ध्यानात फारसे नसते.

आता आपल्या दफनभूमीकडे येतो. आपण आयोग नव्हे, आपल्यामागे सहा सरकारे नाहीत. जागेची टंचाई आहे, कबर काही वर्षांनी पुन्हा उघडावी लागते, आणि ख्रिस्तसभेच्या नियमास त्यात काही वावगे वाटत नाही. म्हणून प्रत्येकास कायमचा दगड देण्याचे वचन मी देऊ शकत नाही. पण मग ते काहींनाच पैशाने विकावे, हेही मला पटत नाही. ज्या बाईने पंधरा वर्षे या मंदिराची फरशी पुसली तिचा क्रूस चार पावसाळ्यांत नाहीसा व्हावा, आणि ज्याने एकदा मोठा धनादेश दिला त्याचे नाव कमानीवर तळपावे, हे प्रभूच्या दारात शोभणार नाही. दाता क्षमा करो. त्याचे दान परमेश्वराच्या वहीत आहेच.

माझी सूचना अशी. कमान नको. त्या पैशातून सर्व कबरींसाठी एकाच मापाच्या साध्या काळ्या दगडाच्या पाट्या कराव्या. तीवर नाव, घराण्याचे नाव, जन्म-मरणाची वर्षे, आणि कुटुंबास हवी असल्यास एक लहान ओळ, तिचे शुल्क नाही. कबर पुन्हा उघडण्याची वेळ आली, की ती पाटी फेकली न जाता कुंपणाच्या भिंतीत बसवावी. भिंत पुष्कळ लांब आहे. ज्या तान्ह्या मुलांना नाव ठेवण्यापूर्वीच पुरले, त्यांच्या पाटीवर आईबापांची नावे असावी. बांधकामावर काम करताना मेलेले परप्रांतीय मजूर आपण पुरले आहेत, त्यांनाही तीच पाटी, तेच माप. उरलेला निधी मुदतीच्या ठेवीत ठेवून त्याच्या व्याजातून राखणदारास वेळेवर वेतन द्यावे, कारण खडकीची हिरवळ जी टिकली ती भाषणांनी टिकलेली नाही, माळ्यांच्या पगाराने टिकली आहे. पावसाळ्याआधी एकदा व नंतर एकदा, प्रत्येक ख्रिस्ती समूहाने एकेक रांग वाटून घेऊन साफ करावी. आपल्या माणसाची रांग आपणांस न येता दुसऱ्यास यावी, अशी चिठ्ठ्या टाकून वाटणी करू.

वही आपल्यापाशी आहेच. बाप्तिस्मा व विवाह यांप्रमाणेच मृत्यूची नोंदवही ठेवणे धर्मग्रामास ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ५३५ व्या कलमाने बंधनकारक आहे, आणि माझ्यापूर्वीच्या धर्मगुरूंनी ती सुंदर अक्षरांत लिहिली आहे. तिची एक प्रत दर नोव्हेंबरात महिनाभर वेदीजवळ उघडी ठेवावी, आणि रोजच्या मिस्सेत त्या दिवशी मेलेल्यांची नावे, दान आलेले असो वा नसो, मोठ्याने वाचावी.

यावर समितीने पुढील रविवारी मत द्यावयाचे आहे. माझ्याविरुद्ध मत देण्यास कोणी संकोच करू नये. १९२० च्या त्या मातांचेही म्हणणे पूर्ण ऐकून घेतले गेले होते. तोवर येत्या शनिवारी सकाळच्या मिस्सेनंतर कोयते, झाडू, बादल्या घेऊन दफनभूमीत जमावे; रंगाचे डबे युवक मंडळाने आणावयाचे आहेत. मी गेल्या आठवड्यात नोंदवही घेऊन रांगांतून हिंडलो. ज्या कबरींवर आज काही वाचता येत नाही, त्यांची यादी रांगेच्या क्रमाने करून मंदिराच्या दाराशी लावली आहे. जुन्या मंडळींनी ती जाताना वाचावी, आणि कोठे कोण आहे हे कोणास आठवत असेल तर उद्या मिस्सेपूर्वी साक्रिस्तीत येऊन मला सांगावे.